दुर्बिणीचे निम्मे यश तिच्या बैठकीत

दिवाळीची सुटी लागली किंवा दहावीचा निकाल हाती आला की घरात दुर्बीण आणण्याचा विचार अनेक कुटुंबांत सुरू होतो. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी आकाशात एकमेकांच्या अगदी जवळ आले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. अशा घटनांनी मुलांच्या मनात कुतूहल जागे होते आणि पालकांची पावले दुकानाकडे वळतात. तेथे चौकशी होते ती भिंगाच्या व्यासाची आणि ‘किती पट मोठे दिसते’ याची. ही नळी उभी कशावर राहणार, हा प्रश्न मात्र सहसा विचारलाच जात नाही.

त्याचे उत्तर पहिल्याच रात्री मिळते. शनीच्या कड्यांऐवजी एक थरथरता ठिपका दिसतो आणि तो नीट पाहावा, तोवर दृष्टिक्षेत्राबाहेर निसटून जातो. हात लावून त्याला परत आणावे, तर सारे चित्र पुन्हा हेलकावे खाऊ लागते. चार-सहा रात्री असे घडले की मुलाचा उत्साह मावळतो आणि हौसेने घेतलेली दुर्बीण माळ्यावर जाते. दोष भिंगाला दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा भिंगाचा नसतोच. तो असतो दुर्बिणीच्या आधाराचा. या आधाराला हौशी आकाशनिरीक्षक ‘माउंट’ म्हणतात. मराठीत तिला बैठक म्हणता येईल. तिपाई आणि तिच्यावरचा, नळीला दोन दिशांनी फिरू देणारा सांगाडा, अशा दोन्हींचा त्यात समावेश होतो.

थरथरही मोठी होते

दुर्बीण आकाशातील वस्तू मोठी करून दाखवते, तशीच ती स्वतःची थरथरही मोठी करते. एक मीटर लांबीच्या नळीचे टोक केवळ ०.३ मिलिमीटर हलले, तरी तिची दिशा सुमारे एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने बदलते. नुसत्या डोळ्यांना हा बदल जाणवणारही नाही. पण दुर्बीण १५० पट मोठे दाखवत असेल, तर तोच बदल १५० कलांचा, म्हणजे अडीच अंशांचा दिसतो. चंद्राचे बिंब आकाशात अर्धा अंश जागा व्यापते. तेव्हा नखाच्या जाडीएवढ्या हालचालीने डोळ्यांसमोरचे चित्र पाच चंद्रबिंबे ओळीने मांडावीत एवढे अंतर कापते. शनीचे कडे आणि ग्रहगोल यांच्यामधील बारीक काळी फट अशा चित्रात दिसणे अशक्यच.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वर्धनाच्या आकड्यांचा फोलपणाही यातूनच कळतो. भिंगाच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे दोन पट, ही उपयुक्त वर्धनाची सर्वसाधारण कमाल मर्यादा मानली जाते. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून १२० पटींच्या पुढे तपशील वाढत नाही, केवळ धूसरपणा वाढतो. डळमळीत बैठकीवर तर ५० पटींपर्यंत पोहोचणेही जिकिरीचे होते.

पृथ्वी थांबत नाही

बैठकीचे दुसरे काम अधिक कठीण आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश, म्हणजे चार मिनिटांना एक अंश या गतीने सरकते. चंद्र स्वतःच्या व्यासाएवढे अंतर दोन मिनिटांत पार करतो. १५० पट वर्धनाला सामान्य नेत्रिकेतून आकाशाचा जेमतेम एक तृतीयांश अंशाचा तुकडा दिसतो. गुरू किंवा शनी या तुकड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साधारण ८० सेकंदांत पोहोचतो आणि नाहीसा होतो. तो नजरेत ठेवायचा, तर दर वीस-तीस सेकंदांनी दुर्बीण किंचित सरकवावी लागते. प्रत्येक वेळी चित्र स्थिर व्हायला पाच-सहा सेकंद लागत असतील, तर पाहण्याच्या वेळातील मोठा हिस्सा थरथर शमण्याची वाट बघण्यातच जातो.

थोडक्यात, चांगल्या बैठकीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. तिने नळी घट्ट धरून ठेवली पाहिजे आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाने ती लोण्यासारखी सरकूही दिली पाहिजे. बैठकांचे निरनिराळे प्रकार म्हणजे या एकाच कोड्याची निरनिराळी उत्तरे आहेत.

दोन अक्ष, दोन पद्धती

पहिली पद्धत उन्नतांश-दिगंश बैठकीची. यात नळी वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते. रचना सोपी, वजन कमी आणि शिकण्यासारखे फारसे काही नाही. तारे मात्र तिरकस मार्गाने जात असल्याने त्यांचा पाठलाग करताना दोन्ही अक्षांवर थोडी थोडी हालचाल करावी लागते.

दुसरी पद्धत विषुववृत्तीय बैठकीची. यात एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे खगोलीय ध्रुवाकडे रोखून ठेवतात. मग तारा नजरेत ठेवण्यासाठी त्या एकाच अक्षावर संथ गतीने फिरणे पुरते. हे काम छोटी मोटारही करू शकते. जर्मन शास्त्रज्ञ योसेफ फ्राउनहोफर यांनी आजच्या एस्टोनियातील तार्तू, म्हणजे तेव्हाच्या दोर्पात येथील वेधशाळेसाठी २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण बनवली. १८२४ मध्ये ती तेथे बसवण्यात आली, तेव्हा तिला अशीच बैठक आणि वजनाच्या भाराने चालणारे घड्याळी यंत्र होते. दुर्बिणींच्या दुकानात आज जी ‘जर्मन’ विषुववृत्तीय बैठक मिळते, ती याच घराण्यातील. नळीचा तोल सांभाळण्यासाठी दुसऱ्या बाजूला लोखंडी वजने लावलेला दांडा, ही तिची ओळख.

विषुववृत्तीय बैठक दिसायला शास्त्रीय वाटते आणि त्यामुळेच स्वस्त दुर्बिणींबरोबरही ती सर्रास दिली जाते. येथेच खरेदीदार फसतो. या रचनेत सांधे अधिक, दातेरी चाके अधिक आणि तोलासाठी वजनेही अधिक. हे सारे भक्कम बनवायचे तर खर्च वाढतो. खर्च वाचवायचा तर प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई येते. तेव्हा स्वस्त विषुववृत्तीय बैठकीपेक्षा त्याच किमतीची साधी उन्नतांश-दिगंश बैठक बहुधा अधिक स्थिर ठरते.

ही साधी पद्धत केवळ नवशिक्यांची आहे, असेही नाही. जुन्नरजवळ गिरवली येथे ‘आयुका’ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे, ती याच पद्धतीच्या बैठकीवर. नारायणगावजवळच्या खोडद परिसरातील ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्याही याच प्रकारे फिरतात. दोन्ही अक्षांवरील गती तेथे संगणक सांभाळतो. अवजड यंत्राला साधी, सरळ उभी बैठकच अधिक पेलते.

संन्याशाची लाकडी पेटी

हौशी निरीक्षकांपुरता हा प्रश्न सर्वांत सोप्या रीतीने सोडवला तो जॉन डॉब्सन यांनी. १९१५ मध्ये बीजिंग येथे जन्मलेले डॉब्सन १९४४ पासून सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण संघाच्या परंपरेतील मठात संन्यासी म्हणून राहत होते. हाताशी पैसा नसल्याने त्यांनी जहाजाच्या गोल खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे तयार केले. दुर्बिणीच्या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या चळवळीतून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवण्यास प्रारंभ केला. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘डॉब्सोनियन’ बैठक म्हणजे एक लाकडी पेटी. ती जमिनीलगत गोल फळीवर फिरते आणि तिच्या दोन भिंतींवर नळीचे गोलाकार कान टेकलेले असतात. तिला ना उंच तिपाई, ना तोलाची वजने. सारी मेख आहे ती टेकूंत. टेफ्लॉनच्या छोट्या चकत्या सनमायकासारख्या पृष्ठभागावर घासतात, तेव्हा हालचाल सुरू करायला लागणारा जोर आणि ती चालू ठेवायला लागणारा जोर यांत फारसा फरक नसतो. त्यामुळे नळी झटका न देता सरकते आणि हात काढताच जागच्या जागी थांबते. गुरुत्वमध्य जमिनीजवळ असल्याने वाऱ्याचाही त्रास कमी.

सहा इंची आरसा आणि १,२०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेली अशी दुर्बीण प्रथम खरेदीसाठी उत्तम मानली जाते. नेत्रिका बसलेल्याच्या किंवा उभ्या मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला येते. पेटी साधी असल्याने पैशाचा मोठा भाग आरशावर खर्च होतो. आरसा आणि नळी मिळाल्यास ती कुशल सुताराकडून करवूनही घेता येते. तिची एक अडचण ध्यानात ठेवावी. नेमके डोक्यावरचे तारे टिपताना पेटी गोल फिरवणे अवघड जाते. मुंबईच्या अक्षांशावर स्वाती हा तारा जवळजवळ खस्वस्तिकावरून जातो, त्या वेळी हा अनुभव येईल. तो थोडा पश्चिमेकडे कलेपर्यंत वाट पाहणे, हा त्यावरचा सोपा उपाय.

आपल्या अक्षांशाचा हिशेब

विषुववृत्तीय बैठकच घ्यायची असेल, तर एका गोष्टीची चौकशी आवर्जून करावी. तिचा ध्रुवीय अक्ष क्षितिजापासून जितका वर उचलायचा, तो कोन म्हणजे त्या गावाचा अक्षांश. पणजीत तो सुमारे साडेपंधरा अंश, कोल्हापुरात पावणेसतरा, पुण्यात साडेअठरा, मुंबईत १९ आणि नागपुरात २१ अंश. बैठकीची किमान मर्यादाच २० अंशांच्या आसपास असेल, तर नागपूरकरांचे काम भागेल, पण कोल्हापूर किंवा पणजीत ती नीट रोखता येणार नाही. माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो.

अक्ष इतका आडवा झाला की आणखी दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे बैठकीचे डोके तिपाईच्या मध्यापासून उत्तरेकडे पुढे येते. म्हणून तिपाईचा एक पाय उत्तरेलाच ठेवावा, नाहीतर सारा डोलारा कलंडण्याची भीती. दुसरे म्हणजे वजनांचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि फिरताना तिपाईच्या पायाला आपटू शकतो. युरोपातील ५० अंश अक्षांशावर ही अडचण तितकीशी जाणवत नाही.

ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजालगत असल्याने इमारतींआड किंवा धुरक्यात लपतो. मात्र महाराष्ट्रात होकायंत्राने दाखवलेली उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे. नुसते डोळ्यांनी पाहायचे असेल, तर होकायंत्र आणि अक्षांशाची पट्टी यांवर काम भागते.

वजनाचा आकडा आणि तिपाईचे पाय

प्रत्येक बैठकीची भारक्षमता किलोग्रॅममध्ये दिलेली असते. हा आकडा ‘एवढे वजन टाकले तर मोडणार नाही’ अशा अर्थाने वाचावा. ‘एवढ्या वजनाला स्थिर राहील’ अशा अर्थाने नव्हे. नळीबरोबर शोधक दुर्बीण, नेत्रिका, मोबाइल धरणारा चिमटा अशा साऱ्यांचे वजन धरावे. केवळ पाहण्यासाठी ही बेरीज भारक्षमतेच्या दोन तृतीयांशांपर्यंत आणि छायाचित्रणासाठी निम्म्यापर्यंतच असावी, असा अनुभवी निरीक्षकांचा दंडक आहे. वजनाइतकीच लांबीही महत्त्वाची. सारख्याच वजनाची पण दुप्पट लांब नळी फिरण्याला सुमारे चौपट विरोध करते. एकदा हलली की थांबायलाही तिला तेवढाच वेळ लागतो. वाऱ्याला तोंडही अधिक मिळते.

तिपाईची निवड करताना पाय हाताने चाचपून पाहावेत. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचा ताठपणा सुमारे आठपट होतो. म्हणूनच ४५ ते ५० मिलिमीटर व्यासाचे पोलादी पाय आणि छायाचित्रकारांच्या तिपाईचे बारीक पाय यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लाकडी पायही कमी लेखू नयेत. लाकूड कंपने लवकर शोषून घेते.

लांबीचा हिशेब याच्या उलट चालतो. पाय ८० सेंटिमीटरऐवजी १२० सेंटिमीटर लांब केले, तर तेवढ्याच धक्क्याने ते जवळपास साडेतीनपट वाकतात. त्यामुळे पाय पूर्ण बाहेर न काढता दुर्बीण बुटकी ठेवावी आणि स्टुलावर बसून पाहावे. यासाठी एक पैसाही लागत नाही आणि फरक तत्काळ दिसतो. तिपाईच्या मध्यभागी पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन टांगणे, पायांखाली रबराचे जाड तुकडे ठेवणे, हेही उपाय उपयोगी पडतात. अर्थात मुळातच ढिले असलेले सांधे अशा उपायांनी घट्ट होत नाहीत.

दुकानातच करायच्या चाचण्या

बैठकीची परीक्षा दिवसाउजेडी, पाच मिनिटांत होऊ शकते. दुर्बीण जोडून दूरच्या पाण्याच्या टाकीवर किंवा मोबाइल टॉवरवर रोखावी. सूर्याच्या दिशेने ती चुकूनही वळवू नये. मग नळीवर बोटाने हलकी टिचकी मारावी आणि चित्र शांत व्हायला लागणारे सेकंद मोजावेत. एक-दोन सेकंदांत शांत झाले तर बैठक उत्तम, तीन सेकंद लागले तर चालण्यासारखी. पाच सेकंदांहून अधिक लागले तर ती परत ठेवावी.

दुसरी चाचणी फोकसची. चक्री फिरवताना चित्र इतके हलता कामा नये की ते स्पष्ट झाले की नाही हेच कळू नये. तिसरी, मंदगतीच्या खुंटीची. ती एका दिशेने फिरवून उलट फिरवावी. अर्धा फेरा रिकामाच गेला, तर दातेरी चाकांत ढिलाई आहे. चौथी, तोलाची. विषुववृत्तीय बैठकीचे दोन्ही खिळे सैल केल्यावर नळी जेथे ठेवाल तेथे थांबली पाहिजे. पाचवी, तिपाईचे पाय घट्ट धरून वरचे डोके पिळून पाहण्याची. तेथे कुरकुर किंवा हालचाल जाणवली, तर रात्री तीच नेत्रिकेतून दिसेल.

मोटार आणि संगणकाच्या आधारे ग्रह-तारे आपोआप शोधणाऱ्या बैठकाही मिळतात. शहरी प्रकाशात जेथे मोजकेच तारे दिसतात, तेथे त्यांचा उपयोग आहे. पण शोधणे निराळे आणि स्थिर धरणे निराळे. ठरलेल्या रकमेत संगणक हवा असेल, तर उत्पादक बहुधा आरशात किंवा तिपाईत काटकसर करतो. खेडेगावात किंवा गडावर निरीक्षण करायचे तर बॅटरीचे ओझेही वाढते.

छायाचित्रणाचा मोह

तेजोमेघांची रंगीत छायाचित्रे पाहून अनेकांना पहिल्याच महिन्यात कॅमेरा जोडावासा वाटतो. त्यासाठी लागणारी अचूकता निराळ्याच पातळीची आहे. १,००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ३.७६ मायक्रॉन आकाराचे चित्रबिंदू असलेला कॅमेरा लावला, तर बैठक स्थिर असताना तारा दर सेकंदाला सुमारे १९ चित्रबिंदू सरकतो. काही मिनिटांच्या छायाचित्रात तो एका-दोन चित्रबिंदूंच्या मर्यादेत ठेवायचा, तर ध्रुवाकडे नेमकी रोखलेली, मोटार असलेली भक्कम विषुववृत्तीय बैठकच हवी. तिची किंमत नळीच्या किमतीहून अधिक असणे, हे या छंदात नवलाचे मानले जात नाही. अलीकडे तोलाच्या वजनांशिवाय चालणाऱ्या, हलक्या पण भार पेलणाऱ्या हार्मोनिक गिअरच्या बैठकाही आल्या आहेत; त्या महाग असून त्यांना मार्गदर्शक कॅमेऱ्याची जोड लागते.

चंद्र आणि ठळक ग्रह यांची चित्रे मात्र साध्या स्थिर बैठकीवरून, मोबाइलच्या छोट्या चित्रफितींतूनही टिपता येतात. प्रारंभ तेथून करणे शहाणपणाचे.

गच्ची, पावसाळा आणि खारी हवा

उत्तम बैठकही चुकीच्या जागी हतबल होते. गच्चीची लादी कोणी चालले की कंप पावते. भिंतीच्या किंवा खांबाच्या जवळ दुर्बीण मांडल्यास तो कमी होतो. मोकळे मैदान अधिक चांगले. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण बंदच असते आणि याच काळात भुशाच्या फळीची पेटी ओल शोषून फुगते. म्हणून पाणी सोसणारे प्लायवूड घ्यावे किंवा कडा रंगाने बंद कराव्यात. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने पोलादी पाय आणि स्क्रू गंजतात. निरीक्षणानंतर ते कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवणे इष्ट. बैठक उचलून जिन्यावरून नेता येईल एवढीच जड असावी, हा निकषही विसरू नये. घराबाहेर निघतच नाही, अशा भक्कम बैठकीचा उपयोग नाही.

खरेदीपूर्वी दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून पाहण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली ‘ज्योतिर्विद्या परिसंस्था’, मुंबईतील ‘खगोल मंडळ’ यांसारख्या संस्थांच्या आकाशदर्शन कार्यक्रमांत विविध प्रकारच्या बैठका एकाच मैदानावर पाहता येतात आणि त्या वापरणाऱ्यांना प्रश्नही विचारता येतात. हाताशी रक्कम अगदीच थोडी असेल, तर डळमळीत तिपाईवरच्या दुर्बिणीऐवजी १० गुणिले ५० मापाची द्विनेत्री घ्यावी आणि कोपर कठड्यावर टेकून पाहावे. कृत्तिकांचा पुंज, चंद्रावरची विवरे आणि गुरूचे चंद्र तिच्यातूनही दिसतात.

रक्कम पुरेशी असेल, तर निवडीचा क्रम उलटा करावा. आधी बैठक ठरवावी, मग ती सहज पेलेल अशी नळी. आठ इंची आरसा थरथरत्या बैठकीवर ठेवण्यापेक्षा सहा इंची आरसा भक्कम पेटीत ठेवलेला बरा. नळी पुढे बदलता येते, नेत्रिका एकेक करून वाढवता येतात. चांगली बैठक मात्र वर्षानुवर्षे साथ देते. मुलाने नेत्रिकेला डोळा लावल्यावर शनी निश्चल दिसला, कडे वेगळे ओळखू आले, तर ती दुर्बीण माळ्यावर जाण्याची शक्यता फारच कमी.